कर्ता पुरुष आणि तहानलेला येशू

(चांदूर रेल्वे येथील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती कमी केली आहे, भाषा वक्त्याचीच आहे.)



पत्रिकेवर विषय जरा भारदस्त छापलाय. 'ख्रिस्ती मंडळीतील पुरुषत्वाची कल्पना आणि येशूचे मनुष्यत्व.' हे वाचूनही इतके जण आलात, याचं मला नवल वाटतं. (हशा) मी मराठीचा शिक्षक आहे, धर्मशास्त्राचा नाही. वाढलो मात्र ख्रिस्ती घरात. तेव्हा जे बोलणार आहे ते पुस्तकांबद्दल, चित्रांबद्दल आणि उपदेशांबद्दल. विश्वासाबद्दल ज्याचं त्यानं बघावं.

एका मातीपासून सुरुवात करतो. वऱ्हाडातल्याच एका गावी ओळखीच्या गृहस्थांच्या अंत्यविधीला गेलो होतो. पाळकांनी योहानाच्या शुभवर्तमानातला अकरावा अध्याय वाचला. बेथानीचा लाजर मेलाय, त्याच्या बहिणी मरीया आणि मार्था शोक करताहेत, गावकरी जमलेत, आणि त्या सगळ्यांच्या देखत येशूला रडू येतं. आपल्या मराठी बायबलात ते वचन दोनच शब्दांचं आहे. वाचन झालं, प्रार्थना झाली, माती लोटायची वेळ आली आणि गेलेल्या माणसाचा थोरला मुलगा, असेल तिशीचा, हुंदके द्यायला लागला. शेजारी मंडळीतले एक वडीलधारे उभे होते. आत्ताच वाचलेलं बायबल त्यांच्याच काखेत होतं. ते पोराला म्हणाले, ''काहून रडून राह्यला बे बायावानी? आता तूच कर्ता मानूस हायेस घरचा.''

ते गृहस्थ काही दुष्ट नव्हते. हे बोलताना त्यांचा एक हात पोराच्या पाठीवर होता. पण मला ते काखेतलं बायबल विसरता येत नाही. पाच मिनिटांपूर्वी ज्याचं रडणं वाचलं, त्याच्याच नावानं एका माणसाला न रडायला सांगितलं जात होतं, आणि यात काही विसंगत आहे असं तिथं कुणालाच वाटलं नाही. खरं सांगतो, मलासुद्धा त्या वेळी वाटलं नाही. घरी आल्यावर वाटलं.

म्हणून आजचा प्रश्न साधा आहे. येशू माणूस होता असं आपण दर रविवारी म्हणतो. पण तो कोणत्या प्रकारचा पुरुष होता, हे आपण कधी नीट वाचलंय का?

तत्त्व म्हणून हे सोळाशे वर्षांपूर्वी मिटलेलं आहे. इ.स. ४५१ मध्ये खालकेदोनच्या धर्मपरिषदेनं ठरवलं, येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य. त्यात मी शिरत नाही. मला जास्त रस आहे तो मराठीत काय झालं यात, आणि मराठीत ते क्रियापदात झालं. आपलं छापील बायबल काढून बघा. त्यात आहे 'येशू म्हणाला'. एकवचन. तो आला, तो बसला, तो जेवला. शेजारच्या घरच्या पोराबद्दल बोलावं तसं. आणि व्यासपीठावरून बोलताना आपण काय म्हणतो? 'प्रभू येशू म्हणाले', 'प्रभूजी आले'. आदरानं म्हणतो, त्यात वाईट काहीच नाही. पण त्या एका 'ले'नं माणूस उठून सिंहासनावर जाऊन बसतो. बाप मुलाला अरे-तुरे करतो आणि पोरगं कलेक्टर झालं की त्यालाच 'साहेब आले का' विचारतो, तसं काहीसं. (हशा) सिंहासनावर बसलेल्याला मग तहान लागत नाही.

आता चित्राकडे येऊ. आमच्या घरात होतं, तुमच्यापैकी अनेकांच्या घरात असेल. तपकिरी पार्श्वभूमी, खांद्यापर्यंत मऊ केस, नजर वर एका बाजूला लागलेली. शिकागोच्या वॉर्नर सॉलमन या चित्रकारानं १९४० मध्ये काढलेलं ते चित्र. कोट्यवधी प्रती निघाल्या त्याच्या. कॅलेंडरवर, पाकिटात ठेवायच्या कार्डावर, लग्नाच्या पत्रिकेवर. अमेरिकेतच पुढं त्यावर टीका झाली की हा फार नाजूक आहे, बायकी आहे. मला त्या टीकेत गंमत वाटते, कारण खरी उणीव त्यांच्या नजरेतून सुटली. त्या चित्राला हात नाहीत. डोकं आणि खांदे, बस. सुताराचं चित्र आणि हात नाहीत! रंध्यानं घट्टे पडलेले, कुष्ठरोग्याला लागलेले, शिष्यांचे पाय धुतलेले हात होते ते. शुभवर्तमानांत येशूच्या केसांबद्दल, डोळ्यांच्या रंगाबद्दल एक अक्षर नाही. हातांबद्दल मात्र पुष्कळ आहे.

बरं, या मऊ येशूवर उतारा म्हणून दुसरा एक येशू तयार झाला. तो मर्द येशू. याचं मूळ जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये चार्ल्स किंग्जली, टॉमस ह्यूज या लेखकांमुळे एक लाट आली. खेळा, शरीर कमवा, ख्रिस्ती पुरुष धट्टाकट्टा हवा. ह्यूजनं तर १८७९ मध्ये ख्रिस्ताच्या मर्दपणावरच एक पुस्तक लिहिलं. न्यायानं सांगायचं तर पिळदार दंड म्हणजे मर्दपणा नव्हे, खरा प्रश्न नैतिक धैर्याचा आहे, हे तोच त्यात बजावतो. पण लाट पुस्तक वाचून येत नसते. १९२५ मध्ये अमेरिकेत ब्रूस बार्टन नावाच्या जाहिरातवाल्यानं येशूला यशस्वी व्यवस्थापक करून टाकलं. २००१ मध्ये जॉन एल्ड्रेजचं पुस्तक आलं. पुरुषाला लढाई हवी, साहस हवं, सोडवायला एक सुंदरी हवी, असा त्याचा सूर. सिएटलचा मार्क ड्रिस्कॉल हा पाळक तर म्हणाला होता की ज्याला मी मारू शकतो अशा माणसाची मी उपासना करणार नाही. त्याची मोठी मंडळी २०१४ च्या शेवटी बंद पडली. आधी त्यानं राजीनामा दिला होता, आणि तक्रारी होत्या त्या त्याच्या दांडगाईच्या.

तुम्ही म्हणाल, सिएटलचं चांदूर रेल्वेला काय? तर मोबाइल आहे ना प्रत्येकाच्या खिशात. तिथलं प्रवचन चार दिवसांत इथं उतरतं, मधे हिंदीत एक मुक्काम करून. तरुणांच्या मेळाव्यात मी स्वतः ऐकलंय. मंदिरातले सराफांचे चौरंग उलथणारा येशू, हातात आसूड असलेला येशू, प्रकटीकरणातला पांढऱ्या घोड्यावरचा येशू. त्याच मेळाव्यात नंतर इफिसकरांस पत्रातलं वचन निघतं, पती हा पत्नीचं मस्तक आहे. थोडं पुढचं वाक्य, ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला देऊन टाकलं तशी पतीनं पत्नीवर प्रीती करावी, ते वाचतात, पण आवाज खाली येतो तिथं. कान देऊन ऐका कधी.

तरी या पोरांना हसायचं मला धाडस नाही. वऱ्हाडात ख्रिस्ती झाले ते बहुतेक कोण होते? गावकुसाबाहेरचे. त्यांच्या आज्यांना पाटलासमोर ताठ उभं राहता येत नव्हतं. पुढं ख्रिस्ती झाले तर 'बाटगे' म्हणून हिणवले गेले. ज्याचा पुरुष म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पाणउतारा झाला, त्याला ताठ मानेचा, आसूड उचलणारा देव हवासा वाटला तर त्यात काय चुकलं? आणि हे ख्रिस्त्यांपुरतंही नाही. आपल्या अमरावतीत १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघालं, १९३६ ला त्यांची तुकडी बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी प्रात्यक्षिकं दाखवून आली. गुलाम देशाला आपलं शरीर परत हवं होतं. ही भूक खरी आहे. माझी तक्रार एवढीच की या भुकेला जे वाढलं जातंय ते शुभवर्तमानाच्या ताटातलं नाही.

मग मराठी ताटात काय होतं? इथं रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे वळावंच लागतं. १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला गाडीनं निघाले होते. आपल्या स्टेशनावरून जाणारी हावड्याची गाडी आजही त्याच वाटेनं जाते. डब्यात एका युरोपियन प्रवाशानं त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पुढं त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला तिची भाषा दिली. सगळ्यांत मोठी देणगी म्हणजे एक शब्द, माउली. पंढरीची विठाई, आळंदीची माउली, तोच शब्द त्यांनी ख्रिस्ताला लावला. ख्रिस्त गुरुमाउली झाला. आपल्या व्याकरणाला यात काही अडचणच नाही. पुरुष देव आणि क्रियापद स्त्रीलिंगी, 'माउली आली'. वारीत मिशाळ हवालदारालाही लोक माउली म्हणतात आणि तो रागावत नाही. युरोपातही मध्ययुगात येशूला आई म्हणणारे संत होते, पण त्यांना ते समजावून सांगावं लागायचं. आपल्याकडं समजावणं लागलं नाही. आणि याला शास्त्राधार हवा असेल तर येशूनंच स्वतःला पिलं पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा दिलेली आहे. 'केवढे हे क्रौर्य!' ही घायाळ पक्षिणीची कविता लिहिणाऱ्या कवीला ती कोंबडी जवळची वाटली असणारच.

इतकी वर्षं मी वर्गात हे कौतुकानं शिकवलं. अलीकडे मात्र एक शंका सतावते. ती आज तुमच्यापुढं ठेवतो, पटली नाही तर नंतर भांडा.

शंका अशी, की येशूला आई म्हटल्यानं पुरुषाची सुटका तर होत नाही ना? येशू रडला, त्यानं लेकरं मांडीवर घेतली, पाय धुतले, आजाऱ्याला शिवला. हे सगळं आपण आईच्या खात्यावर टाकलं. खातं कोणतं का असेना, माया तर आहे, असं वाटतं. पण मग पुरुषाच्या खात्यावर काय उरलं? आसूड आणि घोडा. माउली म्हणणारा भक्त आणि मर्द येशू सांगणारा प्रचारक, दोघांचं एका गोष्टीवर एकमत आहे, की कोमलपणा हा पुरुषाचा गुण नव्हे. एकानं येशूची कोमलता ठेवून त्याचं पुरुषपण बाजूला सारलं, दुसऱ्यानं पुरुषपण ठेवून कोमलता. शुभवर्तमानात मात्र रडतो तो एक पुरुष, दाढीमिशी असलेला, तिशी ओलांडलेला, पुरुष म्हणूनच रडतो. त्याच्यासाठी मराठीत नीट शब्द नाही. मी शोधला. 'हळवा' म्हणा, तर त्यात थोडी चेष्टा आहे.

या शंकेचं उत्तर मला ज्या पुस्तकात थोडंफार सापडलं ते धर्माचं पुस्तक म्हणून कुणी वाचत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून भागाभागानं आलेलं. त्यातले पुरुष बघा. सुरुवातीलाच बाईंचे वडील. त्यांच्या सासऱ्यांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यानं या माणसाच्या डोक्यात सोवळं शिरलं, घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, मीठसुद्धा. दुःख बोलता येत नाही म्हणून मीठ धुणारा पुरुष! मराठीत पुरुषाच्या मुक्या दुःखाचं इतकं नेमकं चित्र मी दुसरं वाचलेलं नाही. आणि मग स्वतः टिळक. फुलामुलांचा कवी, पण घरात शीघ्रकोपी. न सांगता निघून जाणार, हातात पैसा टिकू देणार नाही, बायको वाऱ्यावर. बाई हे सगळं सांगतात, हसत सांगतात, आणि नवऱ्यावरचं प्रेम रतीभर कमी होऊ देत नाहीत. म्हणून ते पुस्तक आरोपपत्र होत नाही. पण वाचणाऱ्याला कळायचं ते कळतं. माउलीचे अभंग रचणारा माणूस घरी माउली असेलच असं नाही.

टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा नवरा-बायकोची ताटातूट झाली. सुमारे पाच वर्षांनी बाईंचा बाप्तिस्मा झाला. मधला एक काळ असा आहे की दोघं पुन्हा एकत्र आलेत, नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यातली, तिचा स्वयंपाक वेगळा, तिचं पाणी वेगळं. टिळकांनी ते चालू दिलं. थांबले. त्या काळचा नवरा, त्यातून शीघ्रकोपी, त्यातून नव्या धर्माचा उत्साह, आणि तरी घरात स्वतःचाच विटाळ धरला जातोय हे सोसून तो थांबला. पुढं बाईंनीच स्वतःच्या मनाशी वाद घालून कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. मला विचाराल तर टिळकांच्या अभंगांपेक्षा या थांबण्यात मला त्यांचा ख्रिस्त जास्त दिसतो. तो माउली नाही, तो एक नवरा आहे.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. टिळकांनी येशूचं चरित्र ओवीबद्ध करायला घेतलं, 'ख्रिस्तायन'. सुरुवातीचे थोडे अध्याय झाले आणि १९१९ मध्ये ते गेले. उरलेलं, म्हणजे बहुतेक सगळं, लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं. म्हणजे मराठीतला हा मोठा येशू, सुतारकाम सोडून वाटेला लागलेला, थकणारा, मरणारा, तो एका बाईनं लिहिलाय. आपल्या मंडळ्यांत बाईनं उपदेश करावा की नाही यावर अजून खल चालतो, म्हणून सांगितलं.

पंडिता रमाबाईंनी हा खल १८८५ मध्येच अनुभवला होता. त्या इंग्लंडात चेल्टनहॅमला होत्या. त्यांनी मुलग्यांना शिकवावं अशी गोष्ट निघाली तर इथले दोन बिशप, लाहोरचे आणि मुंबईचे, आडवे आले. बाईनं पुरुषांना शिकवणं हिंदुस्थानात खपणार नाही म्हणे. रमाबाईंनी कळवलं की माझ्या वडिलांनी आईला आणि नवऱ्यानं मला तरुण पुरुषांना शिकवायला कधी हरकत घेतली नाही, आणि इंग्रज लोक घेताहेत याचं आश्चर्य वाटतं. (टाळ्या)

पण रमाबाईंकडून मला आज घ्यायचंय ते निराळं. त्यांना येशू कुठं पटला? फुलहॅमला भगिनी संघाचा एक आश्रम होता, समाजानं टाकलेल्या स्त्रियांसाठी. या बायकांची तुम्ही काळजी का घेता, असं रमाबाईंनी विचारलं. त्यावर तिथल्या सिस्टरनं त्यांना शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. योहान, अध्याय चार. भर दुपार, विहीर, येशू चालून चालून थकलाय, जवळ पोहरा नाही, आणि तो एका परजातीच्या, गावानं नावं ठेवलेल्या बाईकडं पाणी मागतो. या विहिरीवर तो राजा नाही, आई नाही, मल्लही नाही. तहानलेला पुरुष आहे, आणि बाईपुढं हात पसरायला त्याला कमीपणा वाटत नाही. पाणवठ्याची गोष्ट वऱ्हाडात कुणाला समजावून सांगायला नको. कोण कुणाला पाणी देतं, कोण कुणाकडून घेतं, यावर आपली गावं उभी होती. आपल्याकडं या अध्यायावर उपदेश होतात ते त्या बाईच्या पाच नवऱ्यांवर. येशूच्या तहानेवर मी अजून एकही ऐकलेला नाही.

आता त्या 'कर्ता मानूस' शब्दाकडे परत येतो, कारण तो फार जड शब्द आहे. लूकच्या आठव्या अध्यायाच्या पहिल्या तीन ओव्या, चुकलो, वचनं, (हशा) ती उघडून बघा. मग्दालीया मरीया, हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना, सूसान्ना आणि इतर पुष्कळ जणी येशूबरोबर फिरत आणि आपल्या पैशातून त्या सगळ्यांचा खर्च चालवत. म्हणजे येशू बायकांच्या पैशावर जगला. आपल्याकडं ही शिवी आहे. मर्द येशूवाल्या मेळाव्यात हा उतारा कधीच निघत नाही. कनानी बाई वादात त्याला निरुत्तर करते आणि तो आपलं म्हणणं बदलतो, तेही निघत नाही.

आणि गेथशेमाने. उद्या मरण आहे हे त्याला ठाऊक आहे. तो पेत्र, याकोब आणि योहानाला बाजूला घेतो आणि सांगतो, माझा जीव फार कासावीस झालाय, इथं थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. तीनदा येऊन बघतो, तिन्ही वेळा ते झोपलेले. या प्रसंगावर आपल्याकडं जे बोललं जातं ते शिष्यांच्या झोपेवर. प्रार्थनेत झोपू नका, वगैरे. अरे, पण त्यानं मागितलं हे बघा ना! एक पुरुष आपल्या मित्रांना सांगतो की मला भीती वाटते, मला एकट्याला सोडू नका.

मी हे कुठं उभा राहून बोलतोय याचं मला भान आहे. २००६ मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज आलं ते विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी, त्यात अमरावती होतं, अकोला होतं, यवतमाळ होतं. कर्ज, कापसाचा भाव, पाऊस, ही कारणं आहेत आणि त्यांची उत्तरं प्रवचनात मिळत नाहीत, ती सरकारकडं आणि बाजारात मागायची. ते मी इथं हलकं करणार नाही. पण अशा घरी भेटायला गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'कोनाले काही बोललेच नाही ते'. बायकोला नाही, भावाला नाही, दोस्ताला नाही. कर्ता पुरुष बोलत नसतो. अशा गावातल्या मंडळीत जर आपण पुरुषांना पांढऱ्या घोड्यावरचा येशू दाखवत असू, आणि बागेत घाबरून मित्रांना हाका मारणारा येशू फक्त गुड फ्रायडेपुरता, तोही फुलाच्या माळा घालून, काढत असू, तर काय म्हणावं?

टीकाकार म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की आपण एक मोठं पुस्तक निवडून निवडून वाचतोय. उताऱ्यांची यादी करा. गेल्या वर्षभरात तुमच्या मंडळीत पुरुषांच्या सभेला कोणते अध्याय वाचले गेले ते लिहून काढा. मी एका ठिकाणी मागितली होती ती यादी. दावीद आणि गल्याथ तीनदा होता, यहोशवा दोनदा, नहेम्याचा कोट एकदा. शुभवर्तमानातला उतारा एकच, आणि तो चौरंग उलथल्याचा.

त्या मातीतल्या मुलाची गोष्ट अर्धी राहिली. तो रडायचा थांबला होता. हातातल्या फावड्यानं माती ओढत होता, फार जोरात ओढत होता. तेवढ्यात मागून त्याची आत्या आली, म्हातारी, नीट चालताही येत नव्हतं तिला. तिनं फावडं काढून घेतलं आणि त्या वडीलधाऱ्यांच्या हातात दिलं. म्हणाली, ''तुमी लोटा जराशी. त्याले रडू द्या.'' बायबल काखेतून काढून दुसऱ्याकडं देईपर्यंत ते गृहस्थ जरा गोंधळलेच. मग लागले माती लोटायला.

प्रश्न असतील तर घेऊ. आणि पंखा जरा कमी करता आला तर बघा, कागद उडताहेत.